पळसाला पाने तीनच हवीत

यवतमाळ जिल्ह्यातील बाग-आराखडे करणारे ड्राफ्ट्समन, अभियंते आणि रोपवाटिकाधारक यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ
मा. मुख्याधिकारी, जिल्ह्यातील सर्व नगर परिषदा व नगर पंचायती
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग
मा. विभागीय वन अधिकारी, सामाजिक वनीकरण

विषय : जिल्ह्यातील झाडे, दगड-माती व वापरातल्या वस्तूंची संगणकीय मॉडेल तयार करून सर्वांना खुली करणे आणि उद्यानकामांच्या निविदेत त्यानुसार बदल करणे.

महोदय,

बागेचे काम मंजूर होते ते चित्रावर. अंदाजपत्रक कितीही जाडजूड असो, सभागृहात हातोहात फिरतो तो ए-थ्री कागदावरचा एक रंगीत प्रिंट. ‘छान दिसतंय’ असे दोघे-तिघे म्हणाले की विषय मंजूर. पुढे ठेकेदार त्याच प्रिंटकडे बोट दाखवतो, नगरसेवकही त्याच प्रिंटकडे बोट दाखवतात, आणि दोन उन्हाळ्यांत झाडे वाळली की सगळी बोटे आमच्याकडे वळतात. ती चित्रे करणारे आम्ही.

आमच्यात आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेड केलेली पोरे आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, कृषी पदवीधर आहेत आणि ज्यांच्या रोपांवर ही चित्रे शेवटी उभी राहतात ते रोपवाटिकावालेही आहेत. यवतमाळ-पुसदपासून झरी-जामणीपर्यंत सोळाही तालुक्यांत आमची कामे चालतात. शाळेचे मैदान, मंदिराचा परिसर, तळ्याचा काठ, स्मशानभूमीचे सुशोभीकरण, कुणाच्या मळ्यातले लग्नाचे लॉन, जे येईल ते. ऑफिस म्हणाल तर एक टेबल, एक संगणक आणि एक इन्व्हर्टर.

संगणकावर बाग उभी करताना पानन् पान काढत कुणी बसत नाही. तयार झाड उतरवून घ्यायचे आणि जागेवर ठेवायचे. आमचे रोजचे अवजार म्हणजे स्केचअप. ते 2000 साली बाजारात आले, 2006 मध्ये गूगलने विकत घेतले आणि त्याच वर्षी थ्रीडी वेअरहाऊस नावाचे मॉडेलांचे फुकट गोदाम उघडले. 2012 पासून दोन्ही ट्रिंबल कंपनीकडे आहेत. लुमियन, ट्विनमोशन, एन्स्केप या सॉफ्टवेअरसोबत झाडांचा आपापला साठा येतो. हे उपकारच आहेत, त्यांच्याशिवाय आमचा धंदा आठवडाभरही चालणार नाही.

पण गोदाम भरणारे जिथले, माल तिथला. ओक, मेपल, बर्च, पाइन हवे तेवढे. उष्ण देशांच्या नावाने पाम आणि नारळ. गुलमोहर, बहावा सापडतात, कारण ती जगभरच्या बागांत लावली जातात. वड-पिंपळही चिकाटीने शोधले की निघतात. मोह, धावडा, बिबा, चारोळी, सालई, तेंदू यांच्यासाठी मात्र आम्ही रात्र घालवली तरी कामाचे काही हाती लागत नाही. याचा परिणाम आम्ही रोज पाहतो. जे झाड फाइलीत नाही ते चित्रात येत नाही, चित्रात नाही ते अंदाजपत्रकात येत नाही, आणि अंदाजपत्रकातच नाही ते जमिनीत कुठून येणार? टिपेश्वर अभयारण्याच्या वाटेवर ज्या सागा-पळसांतून गाडी जाते, त्यांतले एकही झाड जिल्ह्यातल्या नव्या बागांच्या चित्रांत दिसत नाही. याचे कारण बागवाल्यांची नावड नव्हे. मध्यरात्री बारा वाजता, उद्या सकाळी प्रिंट द्यायचा असताना, पहिल्या पानावर जे मिळते तेच उचलले जाते.

आमच्या एका सभासदाला तळ्याकाठच्या कामासाठी पळस हवा होता. तळ्यापलीकडच्या माळावर खरे पळस उभे होते, म्हणजे चित्रात ते येणे भागच होते. मराठीत ‘पळस’ टाकून काही मिळाले नाही. ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ टाकले तर वणव्याची दृश्ये आली. शेवटी पळसाच्याच नावाचे एक मॉडेल मिळाले. उघडून पाहिले तर फुले नारिंगी, पण खोड विजेच्या खांबासारखे सरळ आणि पाने चिंचेसारखी बारीक. कुणीतरी गुलमोहरालाच पळसाची पाटी लावली होती. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणत आलो. ही म्हण करणाऱ्याने इंटरनेटवरचा पळस पाहिला नव्हता.

मग त्याने स्वतःच पळस करायला घेतला. ते काम कसे चालते हे सांगणे आवश्यक वाटते, कारण ‘कॉम्प्युटरवर एक झाड टाकायला कितीसा वेळ लागतो’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक कार्यालयात ऐकावा लागतो. आधी जिवंत झाडाची ताजी पाने तोडली. मधले पान मोठे आणि गोलसर, बाजूची दोन जराशी तिरकी. ती झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरच्या काचेवर पांढरा कागद ठेवून दोन्ही बाजूंनी स्कॅन केली. वरची बाजू चकचकीत आणि खालची मळकट, हा फरक ठेवला नाही तर वाऱ्यात हलणारे झाड प्लॅस्टिकचे वाटते. मागचा पांढरा भाग काढून पारदर्शक केला. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, टेपने मोजला. खोडाभोवती फिरत सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि त्यांतून वेडेवाकडे खोड उभे केले. उंची सावलीवरून काढली: एक मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची आणि भागाकार करायचा. उंची आली अकरा मीटर. नऊ संध्याकाळी गेल्या. ब्लेंडरमधून ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली तर झाड गायब! फाइल मीटरमध्ये होती आणि पलीकडच्याने ती इंचात वाचली होती. अकरा मीटरचा पळस अकरा इंचांचा होऊन एका बाकड्याखाली सापडला.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट आहे, पण तयार मॉडेल आपल्या मापाचे करून घेणे हे खरे कौशल्य आहे आणि त्यातल्या चुका पुढे पैशात मोजाव्या लागतात. वीस मीटरचे सागाचे मॉडेल सरसकट लहान करून आठ मीटरवर आणले की 45 सेंटीमीटरचे पान 18 वर येते. त्या चित्रात साग राहत नाही, पेरू होतो. उलट, छोटे झुडूप ताणून मोठे केले की पान सुपाएवढे होते. उंची कमी करायची तर फांद्यांच्या पायऱ्या कमी कराव्या लागतात, पानाचे माप आहे तसे ठेवावे लागते. काही मॉडेल इतकी जड असतात की अशी दहा झाडे ठेवली की आमच्याकडचे आठ जीबीचे संगणक मान टाकतात. म्हणून लांबच्या रांगेत आम्ही सपाट झाड ठेवतो, जे कागदी कटआउटसारखे पाहणाऱ्याकडे तोंड फिरवत राहते. समोरून ठीक दिसते, वरून पाहिले की पट्टीसारखे.

उन्हाचे तर बोलायलाच नको. जुन्या स्केचअपमध्ये जागा बदलली नाही तर सूर्य अमेरिकेतल्या बोल्डर गावाचा पडतो. ते गाव 40 अक्षांशावर आहे आणि यवतमाळ साधारण 20.4 वर. आपल्याकडे 22 मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो, सहा मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली खोडाशीच पडते. तेच झाड बोल्डरच्या उन्हात ठेवले की सावली दोन मीटर उत्तरेला सरकते. बिनबदल फाइलीतल्या चित्रावर भरवसा ठेवून खोडापासून दोन मीटर उत्तरेला बाक टाकला, तर चित्रातला म्हातारा सावलीत बसतो आणि बागेतला उन्हात. डिसेंबरातही तसेच होते. आपल्याकडे त्याच झाडाची दुपारची सावली सहा मीटरला जराशी कमी भरते, तिकडे बारा. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तिथे बागेचा आराखडा म्हणजे आधी सावलीचा आराखडा असतो. बाकीचे मागाहून.

ऋतूचेही तसेच. गोदामातले झाड बारा महिने हिरवेगार. आपल्या सागाचे मार्च-एप्रिलमध्ये खराटे होतात. पळस होळीला पाने टाकून फुलतो, ते दृश्य डोळ्यांना सुख देते, डोक्याला सावली नाही. कडुनिंब मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ उरकून कोवळ्या पालवीने उभा राहतो, म्हणून बस थांब्यावर निंब असतो आणि लोक तिथेच थांबतात. हे शेतात गेलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे. आमच्या प्रिंटला ठाऊक नाही.

जिल्ह्यातल्या एका गावाच्या बागेचे उदाहरण देतो, गावाचे नाव घेत नाही. चित्रात दोन्ही बाजूंनी फॉक्सटेल पाम, मधे लॉन, कडेला कारंजे. मंजुरी एकमताने. रोपे कडियमहून, म्हणजे थेट आंध्रातून, ट्रकने आली. त्याच वेळी गावाजवळच्या आमच्या सभासदाच्या रोपवाटिकेत करंज, कडुनिंब आणि बहाव्याची कमरेएवढी रोपे पिशव्यांत मुळे गुंडाळून बसली होती. निविदेत ‘चित्राप्रमाणे’ असा शब्द असल्यामुळे ती घेता येत नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यात लॉनला टँकर लागला. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली तेव्हा यवतमाळ शहराने जे भोगले, ते पाहिलेल्या जिल्ह्यात टँकरवरचे लॉन! ते चित्र आमच्यातल्याच एकाने केले होते, हे इथे कबूल करतो. त्याच्याकडे दोन दिवस होते आणि लायब्ररीत पाम होते.

दुसरी कबुलीही देऊन टाकतो. आमच्यातल्या अनेकांच्या संगणकांवर परवाना नसलेली सॉफ्टवेअर आहेत. महागडा वार्षिक परवाना आणि तालुक्याच्या गावातली फी यांचा मेळ बसत नाही. याचे समर्थन करत नाही. ब्लेंडर फुकट आहे, कायदेशीर आहे आणि पुरेसे आहे. पण निविदेत ‘अमुकच सॉफ्टवेअरची मूळ फाइल द्यावी’ असे लिहिलेले असते, तिथे आमचे हात बांधले जातात.

आता मागण्या.

पहिली आणि मुख्य मागणी जिल्ह्याच्या झाडांच्या खुल्या मॉडेल-संग्रहाची. सुरुवातीला चाळीस झाडे पुरेत: साग, पळस, मोह, कडुनिंब, करंज, बहावा, अर्जुन, बाभूळ, चिंच, वड, उंबर, काटेसावर, पांगारा, बिबा, चारोळी, धावडा, सालई, तेंदू, सीताफळ, बोर आणि अशी आणखी. यादी नव्याने करण्याची गरज नाही. जैविक विविधता कायदा, 2002 खाली ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, त्यांत गावोगावची झाडे नोंदवायची असतात. प्रत्येक झाडाच्या तीन अवस्था हव्यात: पावसाळ्यातली, होळीच्या वेळची आणि मे अखेरची. शिवाय तीन वये. लावल्यावर पहिल्या वर्षीचे, पाच वर्षांचे आणि पंधरा वर्षांचे. उद्घाटनाच्या दिवशी चार फुटांचे रोप दिसणार आहे हे चित्र मंजूर करणाऱ्याला आधी दिसू द्या, म्हणजे ‘चित्रातले झाड कुठे आहे’ हा प्रश्न आम्हाला कुणी विचारणार नाही. प्रत्येक मॉडेलचे हलके आणि भारी असे दोन प्रकार असावेत, माप मीटरमध्ये असावे, झाडाचा शून्यबिंदू खोडाच्या बुडाशी असावा (तो पानांत असला की झाड हवेत लटकते) आणि फाइल ब्लेंडरसोबत सगळीकडे उघडणाऱ्या एफबीएक्स व जीएलटीएफ प्रकारांत असावी. नाव मराठीत, गोरबोलीत, गोंडीत, कोलामीत आणि शास्त्रीय, म्हणजे कुणी कशानेही शोधले तरी गुलमोहर पळस म्हणून हाती येणार नाही. नाव व पानाची खात्री अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या वनशास्त्राच्या जाणकारांकडून करून घ्यावी.

यासाठी लागणारा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनेखाली बसू शकतो, असे आम्हाला वाटते. काम बाहेरच्या एजन्सीला एकरकमी देऊ नये. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय इथल्या विद्यार्थ्यांना दर वर्षी ठरावीक झाडे प्रकल्प म्हणून द्यावीत. पाने कशी स्कॅन करायची, खोड कसे मोजायचे, हे शिकवायला आम्ही येऊ. मानधन नको, जाण्यायेण्याचे भाडे द्यावे.

दुसरी मागणी परवान्याची. आज तयार मॉडेलांच्या अटी नाना प्रकारच्या आहेत. काही ठिकाणी चित्रात वापरा पण मॉडेल सुटे काढून वाटू नका, काही ठिकाणी कर्त्याचे नाव द्या, पॉली हेवनसारख्या संकेतस्थळावर कुठलीच अट नाही. शासनाच्या पैशातून होणारे मॉडेल कुणाच्या कुलपात जाऊ नये. 2012 चे राष्ट्रीय डेटा धोरण आणि 2017 चा शासकीय खुला डेटा परवाना यांच्या धर्तीवर ते खुले असावे. वापरा, बदला, विका, फक्त मूळ उल्लेख ठेवा. ठेवायला जागा म्हणून नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राला विनंती करावी.

तिसरी मागणी निविदेत दोन-चार ओळी बदलण्याची. ‘चित्राप्रमाणे’ऐवजी ‘झाडांच्या यादीप्रमाणे’ असे लिहावे, आणि चित्रातले प्रत्येक झाड त्या यादीत असलेच पाहिजे. चित्राखाली जागेचे अक्षांश, दिवस आणि वेळ छापण्याची सक्ती करावी. मे महिन्याच्या दुपारचे एक चित्र प्रत्येक प्रस्तावात असावे, मग बाकीची संध्याकाळच्या सोनेरी उन्हातली असली तरी हरकत नाही. सॉफ्टवेअरचे नाव निविदेतून काढावे. आणि त्रिमिती दृश्याची फी अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. आज ते काम ‘सोबत द्या’ या सदरात फुकट जाते, आणि फुकटच्या कामात कोणी नऊ संध्याकाळी पळस करत नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 प्रमाणे शहरांत ठरावीक काळाने वृक्षगणना व्हायची असते. पुढच्या गणनेत उंची आणि छत्रीचा घेर मोजून नोंदवावा आणि ती नोंद आम्हाला द्यावी, म्हणजे उभे झाड आराखड्यात आपोआप जागेवर बसेल. आज कागदावर जागा मोकळी दिसते म्हणून मध्येच येणारी चिंच तोडण्याचा प्रस्ताव जातो. ती चिंच फाइलीत असती तर रस्ता दोन फूट वळला असता.

झाडांखेरीजही काही लागते. स्केचअपचे कोरे पान उघडले की मापाचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा असतो. बहुधा तो त्यांच्याच कचेरीतला कुणी असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या चित्रांत कोट घालून कुत्रा फिरवणारे साहेब किती वर्षे फिरवायचे? धोतर-टोपीतले आजोबा, लुगड्यातली आजी, तांड्यावरची बंजारा बाई, सायकलवरची शाळकरी मुलगी, बसायला पार, पाणपोईचे रांजण, हापसा, बैलबंडी, मुरमाची पायवाट, काळ्या दगडाची पायरी. माणसांची मॉडेल त्या-त्या समाजातल्या लोकांना दाखवून, त्यांच्या संमतीनेच करावीत. काळ्या मातीचा पोतही हवा, पावसाळ्यातला फुगलेला आणि उन्हाळ्यातला हात जाईल एवढ्या भेगांचा. पायवाटेच्या फरशा का उचकटतात हे मग चित्रातच कळेल. वणी भागातल्या कोळसाखाणींच्या मातीच्या ढिगांवर जी लागवड होते, तिच्या चित्रांनाही हा पोत उपयोगी पडेल.

रोपवाटिकाधारकांची एक स्वतंत्र मागणी आहे. संग्रहातल्या प्रत्येक झाडापुढे ते रोप जिल्ह्यातल्या कोणत्या शासकीय व खासगी रोपवाटिकेत मिळते आणि केवढे, हे दर पावसाळ्याआधी लिहिले जावे. दोन-तीन वर्षे आधी मागणी कळली तर धावडा, बिबा, सालईसुद्धा वाढवून देऊ. आज ती रोपे विकत घेणारा नाही, म्हणून आम्ही बी टाकत नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी पावसाळी लागवडीचे प्रस्ताव छापखान्यात जाण्याआधी बैठक लावावी, ही विनंती. बैठकीला संगणक आम्ही आणू, प्रोजेक्टर आणि वीज तेवढी कार्यालयाने द्यावी.

सोबत एक पेन ड्राइव्ह जोडला आहे. त्यात आमच्या सभासदाने केलेला पळस आहे: उंची 11 मीटर, माप मीटरमध्ये, शून्यबिंदू बुडाशी, पाने तीन. होळीची आणि पावसाळ्यातली अशा दोन अवस्था झाल्या आहेत, मे महिन्याची बाकी आहे. फाइल कुणीही वापरावी. पेन ड्राइव्ह परत करण्याची आवश्यकता नाही.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
यवतमाळ